पोटरी उडते, पापणी लवते: स्नायूंच्या फडफडीबद्दल वाचकांचे प्रश्न

स्नायू आपोआप उडण्याबद्दल ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांपैकी सहा या वेळी घेतली आहेत. उत्तरं देताना मेंदूविकार आणि मानसोपचार या दोन्ही बाजू एकत्र धरल्या आहेत, कारण या तक्रारीत त्या वेगळ्या काढताच येत नाहीत.

प्रश्न: वय 36, राहणार कोपरखैरणे, ऐरोलीत रात्रपाळीची नोकरी. चार महिन्यांपासून दोन्ही पोटऱ्या फडफडतात. मधूनच दंड, मांडी, कधी पापणी. मोबाइलवर शोधलं तर एएलएस हे नाव समोर आलं आणि तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. न्यूरोलॉजिस्टनी तपासलं, ईएमजी (स्नायू आणि नसांची विजेची तपासणी) केली, सगळं नॉर्मल म्हणाले. तरी रोज चवड्यांवर उभा राहून ताकद बघतो, आरशात जीभ बघतो. जिने चढतो, बॅग उचलतो, काही अडत नाही. रिपोर्ट चुकला असेल का?

उत्तर: तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलं आहे: जिने चढतो, बॅग उचलतो, काही अडत नाही. एएलएस हा स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी निकामी होत जाऊन ताकद जाण्याचा आजार आहे. चप्पल पायातून निसटू लागते, चालताना पाऊल घोट्यातून लोंबतं, शर्टाचं बटण लागत नाही, कुलपात किल्ली फिरत नाही, बोलणं जड होतं, पाणी पिताना ठसका लागतो. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला मांसल भाग खोल जातो. आणि हे आठवड्यागणिक, महिन्यागणिक वाढतच जातं, एक दिवस आहे आणि दुसऱ्या दिवशी नाही असं होत नाही. नुसती फडफड, ताकद शाबूत, डॉक्टरांची तपासणी नॉर्मल आणि चार महिन्यांनंतर केलेली ईएमजीही नॉर्मल, हे चित्र त्या आजाराचं नाही.

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी 1993 मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. साध्या फडफडीचं निदान झालेल्या 121 जणांचा त्यांनी 2 ते 32 वर्षं मागोवा घेतला होता. त्यांतल्या एकालाही एएलएस झाला नाही. हा आजार मुळातही दुर्मीळ आहे. युरोप-अमेरिकेत वर्षाला लाखामागे साधारण दोघांना होतो. फडफड मात्र निरोगी माणसांत सर्रास आढळते. वैद्यकीय विद्यार्थी आणि डॉक्टर यांच्यात ही भीती विशेष दिसते, कारण आजाराचं नाव त्यांना आधीच ठाऊक असतं. आता मोबाइलमुळे ते सगळ्यांनाच ठाऊक झालं आहे.

फडफड होते कशी, ते थोडक्यात. मज्जारज्जूतली एक चेतापेशी पोटरीसारख्या मोठ्या स्नायूतल्या शेकडो तंतूंना एकदम आकुंचनाचा संदेश देते. कधी कधी ही पेशी किंवा तिचा लांब धागा कोणी न सांगता स्वतःहून संदेश सोडतो. तेवढेच तंतू क्षणभर आखडतात आणि त्वचेखाली अळी वळवळल्यासारखं दिसतं. हात-पाय हलत नाही, फार तर अंगठा किंवा एखादं बोट हलतं. स्नायू वापरात असताना हे जाणवत नाही, आडवं पडलं की जाणवतं. म्हणून बहुतेकांची तक्रार अंथरुणातून सुरू होते.

आता काळजीचा भाग. भीती वाटते तेव्हा रक्तात ॲड्रिनलिन वाढतं आणि ही चेतापेशी जास्त तापट होते, थोड्याशा कारणाने संदेश सोडते. शिवाय घाबरलेला माणूस नकळत उथळ आणि भरभर श्वास घेतो. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, रक्त किंचित अल्कधर्मी होतं आणि त्यातला मोकळा कॅल्शियम घटतो. मोकळा कॅल्शियम घटला की चेता आणखी सहज उडतात. ओठांभोवती मुंग्या येतात, बोटं बधिर वाटतात, कधी आखडतात. तिसरी गोष्ट लक्षाची. एकदा पोटरीवर लक्ष गेलं की आधी न कळणारी लहानसहान हालचालही कळू लागते. फडफड खरी असते, मनाचे खेळ नसतात. काही जणांत आधी काळजी येते आणि मग फडफड, तर अनेकांत तुमच्यासारखं उलट होतं. सुरुवात कुठूनही झाली तरी पुढे दोन्ही एकमेकांना पोसतात.

तुमच्या बाबतीत हे चक्र तोडण्याची जागा म्हणजे रोजची तपासणी. चवड्यांवर पुन्हा पुन्हा उभं राहिल्याने पोटरी थकते आणि थकलेला स्नायू जास्त उडतो, म्हणजे चाचणीच तक्रार वाढवते. आरशात बाहेर काढलेली जीभ कोणाचीही थरथरते. डॉक्टर ती तोंडात सैल पडलेली असताना बघतात. उजव्या हाताने काम करणाऱ्याचा उजवा पंजा डाव्यापेक्षा भरलेला असणारच, तेव्हा दोन हात शेजारी ठेवून मोजण्यात अर्थ नाही.

पहिल्या आठवड्यात काही बदलू नका. दिवसातून किती वेळा तपासलं, किती वेळा मोबाइलवर शोधलं, एवढं वहीत टिपा. दुसऱ्या आठवड्यापासून तपासण्याची ऊर्मी आली की ती दहा मिनिटं पुढे ढकला. दहा मिनिटं जमली की अर्धा तास. ऊर्मी चढते, थोडा वेळ असह्य होते आणि तपासलं नाही तरी ओसरते. हा अनुभव शरीराला पुन्हा पुन्हा मिळाला की भीतीची धार बोथट होते. शोधाशोध मात्र हळूहळू कमी करण्यात हशील नाही, ती पूर्ण बंद करा. काळजी करायला रोज 15 मिनिटं राखून ठेवा, ड्यूटीवर निघण्याआधी, खुर्चीत बसून, अंथरुणात कधीही नाही. मनात येईल ते लिहून काढा आणि वेळ संपली की वही मिटा.

श्वासासाठी नाकाने चार सेकंद आत, सहा सेकंद बाहेर, म्हणजे मिनिटाला सहा श्वास. पोट हललं पाहिजे, खांदे नाहीत. खूप खोल श्वास ओढू नका, नाहीतर कार्बन डायऑक्साइड आणखी कमी होतो आणि मुंग्या वाढतात. बरेच जण इथेच चुकतात आणि ‘प्राणायामाने त्रास वाढला’ म्हणून सोडून देतात. दिवसातून दोनदा पाच-पाच मिनिटं, तीही भीती नसताना. सराव नसेल तर भीतीच्या वेळी तो हाताशी येत नाही.

रात्रपाळीत मशीनची कॉफी किती होते, तेही बघा. एका कप कॉफीत साधारण 80 ते 100 मिलिग्रॅम कॅफिन असतं, चहात त्याच्या निम्म्याच्या आसपास, एनर्जी ड्रिंकच्या 250 मिलीच्या डब्यात 75 च्या घरात. कॅफिनचा अर्धा अंश पाच तासांनंतरही शरीरात असतो. सकाळी आठला झोपणार असाल तर शेवटचा कप मध्यरात्री, त्यानंतर नाही. एकदम बंद केलंत तर दोन दिवस डोकं दुखेल आणि फडफडही वाढल्यासारखी वाटेल, म्हणून दर दोन-तीन दिवसांनी एक कप कमी करा. सिगारेट, तंबाखू असेल तर निकोटीनही याच यादीत येतं. घरी परतताना उन्हाचा चष्मा लावा, खोलीला जाड पडदे हवेत, सुट्टीच्या दिवशीही झोपेची वेळ फार हलवू नका.

व्यायाम थांबवू नका. निसर्ग उद्यानात अर्धा तास चालणं पुरेसं आहे. जिममध्ये पोटरीचा व्यायाम नव्याने सुरू केला तर त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी फडफड वाढेल. त्याने इजा होत नाही.

एवढ्याने सहा ते आठ आठवड्यांत उतार पडला नाही, तर संज्ञानात्मक वर्तन उपचार म्हणजे सीबीटी करणाऱ्या मानसशास्त्रज्ञाकडे जा. साधारण 8 ते 16 बैठका लागतात. मानसोपचारतज्ज्ञांनी एस्सिटालोप्राम किंवा सर्ट्रालिनसारखं औषध दिलं तर गुण यायला 4 ते 6 आठवडे जातात आणि पहिल्या दोन आठवड्यांत अस्वस्थपणा थोडा वाढू शकतो. हे आधी माहीत नसल्यामुळेच अनेक जण पाचव्या दिवशी गोळी सोडतात. आमचं स्पष्ट मत असं की फडफड शून्यावर आणणं हे ध्येय ठेवूच नका, ती काहींना वर्षानुवर्षं राहते. झोप लागणं आणि कामात लक्ष लागणं हे ध्येय ठेवा. पुन्हा तपासणी न्यूरोलॉजिस्ट सांगतील तेव्हा, बहुधा सहा महिन्यांनी. वर दिलेल्यांपैकी ताकदीची काही तक्रार दिसली तर मात्र लगेच.

प्रश्न: वय 52, कासारवडवली. पायात आणि हातात फडफड, अधूनमधून रात्री पोटरीत गोळा येतो. रक्तदाबाची आणि ॲसिडिटीची गोळी चालू आहे, शिवाय केसांसाठी एक कॅप्सूल. कोणत्या तपासण्या करू? मोठं हेल्थ पॅकेज घ्यावं का?

उत्तर: ताई, पॅकेज घेण्याआधी तुमच्या तिन्ही गोळ्यांच्या पट्ट्या घेऊन फॅमिली डॉक्टरांकडे जा, कारण उत्तर तिथेच असण्याची शक्यता आहे. रक्तदाबाच्या अनेक गोळ्यांत लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं असतं (पट्टीवर हायड्रोक्लोरोथायाझाइड किंवा क्लोरथॅलिडोन असं नाव दिसेल). त्याने पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि सोडियम कमी होऊ शकतं. पँटोप्रॅझोल, ओमेप्रॅझोल या गटातली ॲसिडिटीची गोळी वर्षभर किंवा जास्त काळ घेतली तर काहींचं मॅग्नेशियम उतरतं. दोन्ही एकत्र असतील तर शंका अधिक. गोळी स्वतःहून बंद करू नका. रक्तदाबाची तर मुळीच नाही.

तपासण्या या हव्यात: पोटॅशियम, सोडियम, मॅग्नेशियम, अल्ब्युमिनसह (रक्तातलं एक प्रथिन) कॅल्शियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), टीएसएच (थायरॉइडसाठी), बी12, ड जीवनसत्त्व, साखर आणि सीपीके (स्नायूंना इजा झाली आहे का ते कळण्यासाठी). मोठ्या पॅकेजमध्ये पन्नास-साठ आकडे असतात, पण मॅग्नेशियम बऱ्याचदा नसतं, तेव्हा लॅबला आधी विचारा. कॅल्शियमचा आकडा अल्ब्युमिनशिवाय वाचू नये, कारण रक्तातला जवळपास निम्मा कॅल्शियम प्रथिनाला चिकटलेला असतो.

केसांच्या कॅप्सूलमध्ये बहुधा बायोटिन हे ब गटातलं जीवनसत्त्व असणार. मोठ्या मात्रेतलं बायोटिन काही यंत्रांवर थायरॉइडचा अहवाल बिघडवतं: टीएसएच खोटं कमी आणि टी4 खोटं जास्त दिसतं, म्हणजे नसलेला हायपरथायरॉइड (थायरॉइडचं काम वाढल्याचा विकार) कागदावर उमटतो. हायपरथायरॉइडमध्ये खरोखरच थरथर आणि फडफड होते, त्यामुळे हा घोळ जास्तच दिशाभूल करतो. रक्त देण्याआधी किमान दोन दिवस कॅप्सूल बंद ठेवा आणि लॅबला तसं सांगा. सीपीकेसाठी तीन दिवस जड व्यायाम नको. रक्त घेताना मूठ सारखी उघडमीट करू नका, पोटॅशियम खोटं वाढतं.

मॅग्नेशियम कमी निघालं तर ते आधी भरून काढावं लागतं. त्याशिवाय पोटॅशियम आणि कॅल्शियम कितीही दिलं तरी टिकत नाही. क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर मॅग्नेशियमची गोळी डॉक्टरांच्या हुकमाशिवाय घ्यायची नाही, ते शरीरात साचतं. थायरॉक्सिन ही थायरॉइडची गोळी चालू असेल तर ती आणि मॅग्नेशियम यांत चार तासांचं अंतर ठेवा. सैल शौचाला झाली तर मात्रा जास्त होते आहे. आहारात भोपळ्याच्या बिया, तीळ, शेंगदाणे, राजगिरा, नाचणी, पालक हे सगळं चालेल. 60,000 युनिटची ड जीवनसत्त्वाची पुडी आठवड्याला एक अशी ठरावीक आठवडेच घ्यायची असते. महिनोन्‌महिने घेत राहिल्याने कॅल्शियम धोकादायक वाढल्याची उदाहरणं डॉक्टर नेहमी बघतात.

प्रश्न: वय 41, रबाळे एमआयडीसीत वेल्डिंगचं काम, राहायला दिघा. उन्हाळ्यात संध्याकाळी पोटऱ्या आणि हाताचे पंजे उडतात, रात्री वांब येतो. भरपूर पाणी पितो तरी थांबत नाही. हे टेन्शनमुळे असतं का?

उत्तर: तुमच्या बाबतीत टेन्शनचं नाव शेवटी घ्यावं. पत्र्याच्या शेडमध्ये, आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत, अंगावर जाड कपडे घालून काम करताना घामावाटे पाण्याबरोबर मीठही जातं. नुसतं पाणी भरपूर प्यायल्याने उरलेलं सोडियम आणखी पातळ होतं, म्हणून वांब थांबत नाही.

औषधाच्या दुकानातून जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची ओआरएसची पुडी घ्या: 20.5 ग्रॅमची, एक लिटर पाण्यासाठी. अख्खी पुडी अख्ख्या लिटरमध्येच घाला. अर्ध्या पाण्यात घातली तर द्रावण तीव्र होतं, ग्लासभर पाण्यात चमचाभर टाकणं तर अंदाजपंचे. पुडी नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. केलेलं द्रावण 24 तासांत संपवा. कागदी खोक्यातली गोड फळपेयं त्याच्या जागी चालत नाहीत, त्यांत साखर फार आणि मीठ नगण्य असतं. दिवसाकाठी लिटरभर, घोटघोट, आणि जेवणासोबत ताक. रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

वांब आला की गुडघा सरळ ठेवून पावलाची बोटं हाताने किंवा टॉवेलने स्वतःकडे ओढा, 30 सेकंद धरा, सोडा, पुन्हा धरा. झोपण्याआधी भिंतीला हात टेकून, टाच जमिनीवर ठेवून हाच ताण प्रत्येक पायाला तीन वेळा द्या.

उन्हात काम करून स्नायू प्रचंड दुखत असतील आणि लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली तर त्याच दिवशी रुग्णालयात जायचं. स्नायू फुटून मूत्रपिंडावर ताण आल्याची ती खूण असते. आणि कीटकनाशक फवारल्यानंतर स्नायू उडू लागले, लाळ आणि घाम सुटला, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झाल्या तर कपडे काढून अंग धुवा आणि क्षणभरही न थांबता रुग्णालय गाठा.

प्रश्न: वय 20, नौपाडा. परीक्षा तोंडावर आहे आणि तीन आठवडे डाव्या डोळ्याची खालची पापणी लवते. आजी म्हणते अशुभ आहे.

उत्तर: आजींना सांगा, परीक्षेच्या दिवसांत अर्ध्या वर्गाची पापणी लवत असते. जागरण, चहा, स्क्रीनकडे टक लावून बघणं आणि काळजी, बस. दर 20 मिनिटांनी 20 सेकंद लांब बघा, मुद्दाम पूर्ण पापणी मिटा, सात तास झोपा. कोमट पाण्यात पिळलेला रुमाल पाच मिनिटं ठेवल्याने बरं वाटतं. पापणी लवताना त्याच बाजूचा गाल किंवा ओठाचा कोपराही ओढला जात असेल, डोळा पूर्ण मिटत असेल, पापणी खाली पडत असेल किंवा डोळा लाल असेल, तर डॉक्टरांना दाखवा. चेहऱ्याची एक बाजू ओढली जाणं हा वेगळा विकार आहे आणि त्यावर चांगले उपचार आहेत.

प्रश्न: राहणार वर्तकनगर. माझे पती दिवसातून कितीतरी वेळा हात पुढे करून विचारतात, ‘बारीक झालाय का गं?’ मी नाही म्हणते, तासाभराने पुन्हा तेच. डॉक्टरांनी मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला सांगितलं तर ‘मला वेड लागलंय का’ म्हणून चिडले. शेजाऱ्यांनी दिलेली अल्प्राझोलाम ही काळजीवरची गोळी रोज रात्री घेतात. मी काय करू?

उत्तर: प्रत्येक वेळी ‘नाही हो, ठीक आहे’ म्हणताना तुम्ही प्रेमानेच म्हणता. पण त्या उत्तराने मिळणारा दिलासा तासभर टिकतो आणि पुढच्या वेळी तो पुन्हा हवाच असतो. तुमचं उत्तर त्यांच्या तपासणीचा भाग झालं आहे. ते शांत असताना दोघांनी बसून एक वाक्य ठरवा. ‘हे आपण आधी बोललोय, मी इथेच आहे, चला खाली जाऊन येऊ,’ असं काहीही. विचारलं की तेवढंच, दर वेळी, आवाज न चढवता. हाताकडे बघायचं नाही. पहिले काही दिवस ते जास्त विचारतील, कदाचित रागावतीलही. तिथे माघार घेतलीत तर सवय आणखी पक्की होते. न ठरवता अचानक गप्प बसू नका, त्यांना ते तुटकपणाचं वाटेल. संध्याकाळी मासुंदा तलावाला एक फेरी मारा, हाताचा विषय सोडून.

मानसोपचारतज्ज्ञाबद्दल त्यांना असं सांगून बघा: फडफड खरी आहे, डॉक्टरांनी ती नाकारलेली नाही. भीतीने ती वाढते, म्हणून भीतीवर उपचार. ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय 1901 पासून आहे आणि त्या नावाचीच लोकांना धास्ती वाटते. पण तिथल्या बाह्यरुग्ण विभागात चिंता, निद्रानाश अशा तक्रारींसाठी येणारे पुष्कळ असतात. तिथे जायचं नसेल तर कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात दाखवता येईल. घराबाहेर पडायलाच तयार नसतील तर टेली-मानसचा 14416 हा क्रमांक 24 तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं. ऑक्टोबर 2022 पासून ही केंद्र सरकारची सेवा चालू आहे. पहिला फोन तुम्ही केलात तरी चालतं.

अल्प्राझोलामचं मात्र गांभीर्याने घ्या. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाही अशी गोळी आहे. काही आठवडे रोज घेतली की शरीराला सवय लागते. मग एखादी रात्र चुकली की घबराट, थरथर आणि तीच फडफड उसळते, आणि माणसाला वाटतं आजार वाढला. एकदम बंद केल्यास फिट येऊ शकते. म्हणून गोळ्या फेकून देऊ नका. किती दिवस, किती मिलिग्रॅम घेतली हे लिहून डॉक्टरांकडे न्या, ते टप्प्याटप्प्याने उतरवतील. सोबत दारू असेल तर तेही लपवू नका. दोन्ही मिळून श्वास मंदावतो.

प्रश्न: वय 29, सीवूड्स. मानेतून उजव्या हातात कळ येते आणि दंड उडतो. डॉक्टरांनी ईएमजी सांगितली आहे. सुयांची भीती वाटते.

उत्तर: फडफड एकाच हातात आणि सोबत मानेची कळ, म्हणजे मणक्यापाशी नस दाबली गेली आहे का ते बघण्यासाठी ही तपासणी आहे, आणि ती करावी. तिचे दोन भाग असतात. आधी त्वचेवर पट्ट्या चिकटवून छोटे विजेचे झटके देतात. बोट उडतं, दचकायला होतं, इजा होत नाही. मग केसासारखी बारीक सुई चार-सहा स्नायूंत एकेक करून घालतात. घालताना टोचतं, स्नायू आवळायला सांगितला की दुखतं, सैल सोडला की थांबतं. औषध आत सोडत नाहीत, त्यामुळे इंजेक्शनसारखी आग होत नाही. यंत्रातून खरखर ऐकू येते, ती स्नायूची वीज असते. आवाज मोठा म्हणजे दोष मोठा असं नाही.

सगळं मिळून अर्धा ते एक तास. त्या दिवशी हाताला तेल, क्रीम लावू नका, सैल बाह्यांचा शर्ट घाला. रक्त पातळ करणारी गोळी किंवा पेसमेकर असेल तर वेळ घेतानाच सांगा. हात गार असेल तर नसेचा वेग खोटा कमी दिसतो, म्हणून एसीच्या खोलीत थांबवून ठेवलं असेल तर हात गरम करून मागा. जेवून गेलात तरी चालेल. सुईच्या जागी एक-दोन दिवस निळसर डाग राहिला तर बर्फ लावा.